पियानोची बाजू

“काका, इथे तुम्ही सुरू करायचं होतं,” पियानो थांबवून ग्लेंडा टीचर म्हणाल्या.

इनासने क्लॅरिनेट ओठांपाशी नेली होती, पण फुंकायचं राहूनच गेलं. वसईच्या लग्नांत बँड वाजवण्यात त्याची हयात गेली. नोटेशन तो आपला आपणच, चुकतमाकत शिकला आणि क्लॅरिनेट-पियानोसाठी त्याने ही रचना बांधली. घरात पियानो नव्हता. बायको गेल्यापासून बोलायलाही कोणी नव्हतं. तो आपली बाजू वाजवायचा, मग थांबायचा आणि पियानोचं उत्तर मनातल्या मनात ऐकायचा. खरोखर ते तसं वाजेल का, या धास्तीने त्याने कित्येक वर्षं कागद कुणाला दाखवले नव्हते.

आज चर्चच्या रिकाम्या हॉलमध्ये ते उत्तर आलं. त्याने धरलं होतं त्याहून मऊ, शेजारी बसून कुणी बोलावं तसं.

“माझं काही चुकलं का?” टीचरनी विचारलं.

“नाही, नाही. पहिल्यापासून परत वाजवाल?”

“वाजवते की. पण तुम्ही कुठून येणार?”

इनासने क्लॅरिनेट मांडीवर ठेवली आणि खुर्ची पियानोजवळ ओढून घेतली.

“माझं राहू द्या, टीचर. माझं मी रोजच ऐकतो.”