दूध कोण ढवळणार?

पास्का स्टूल घेऊन आत आली आणि खोलीतल्या तिन्ही पुरुषांची तोंडं घरात कुणी गेल्यासारखी झाली.

"तू इथे काय करतेस?" नवरा लुसोरियो ओरडला. "दूध?"

"चुलीवर आहे."

"आणि ढवळतंय कोण?"

"देव," असं म्हणून पास्काने रेडिओसमोर स्टूल ठेवलं, त्यावर ऐसपैस बसली आणि लाकडी पळी मांडीवर आडवी घेतली.

रेडिओ नुसता खरखरत होता. सत्तर सालचा एप्रिल. फुटबॉलच्या दिवशी रेडिओ तेव्हा मध्यंतरानंतरच तोंड उघडायचा. मध्यंतराआधी काय घडलं ते मैदानावरच्यांना ठाऊक. आज आपल्या काल्यारीने बारीला हरवलं आणि तिकडे रोममध्ये दुसऱ्या नंबरवरचे तुरीनवाले हरले, की इटलीचा किताब पहिल्यांदा समुद्र ओलांडून सार्डिनियात येणार होता. म्हणून जो तो आपापल्या जागी होता. लुसोरियोची टोपी उलटी. त्याचा भाऊ तातानो दाराशी, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. जानेवारीत त्याची बोटं वांग्यासारखी झाली होती, पण बूट काही चढवला नाही. पाद्री डॉन कोसिमो एरियलची तार धरून उभे. पहिला विजय झाला त्या रविवारी जो जसा होता, तसंच त्याने वर्षभर राहायचं, असा लुसोरियोचा नियम.

आणि त्या रविवारी पास्का मागच्या खोपटात चीजच्या दुधाचा हंडा ढवळत होती.

झालं! तेव्हापासून दर रविवारी तिची रवानगी खोपटात. मेंढ्या आटल्या होत्या तेव्हा तिला नुसतं पाणी ढवळायला लावलं. हिवाळ्यात असा वारा सुटला की लोक मेंढ्यांना दगड बांधून चरायला सोडायचे, तरी ही खोपटातच. वर्षभरात संघ हरला तो दोनदाच. एकदा पास्का दाढ काढायला नुओरोला गेली होती, एकदा भाचीच्या लग्नाला. मग काय, बोलायलाच नको.

"वहिनी," तातानो जागचा न हलता हात जोडून म्हणाला, "पाऊण तासाचा तर प्रश्न आहे. उठा ना."

"तुझा पाऊण तास. मी पंचवीस रविवार भिंतीपलीकडून गोल ऐकलेत. तुम्ही बोंबललात की समजायचं आपला, शिव्या घातल्यात की समजायचं त्यांचा. आज मी इथे बसून ऐकणार. उचलून न्यायचं तर न्या, पण स्टुलासकट न्या."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उचलायचं तर जागा सोडावी लागणार.

तेवढ्यात रेडिओ बोलायला लागला. काल्यारी एक, बारी शून्य.

"बघ!" लुसोरियो म्हणाला. "तू खोपटात होतीस म्हणून! आता बस इथे, बस! गोल फेडतील ते आत्ता."

आणि खरंच, बारीवाले चाल करून आले. रेडिओवाल्याचा आवाज चढत गेला. डॉन कोसिमोंनी डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच नाक वर केलं.

"दूध लागतंय," ते हळूच म्हणाले.

पास्का हलली नाही. "डॉन, तुम्ही शिकलेले. नशिबाला माणूस दिसतो का पळी दिसते?"

"म्हणजे?"

"म्हणजे हंडा कुणी ढवळला, पास्काने की तिच्या नवऱ्याने, हे वरून कळतं का?"

डॉन कोसिमोंना दर नाताळाला पास्काच्या हातचं चीज मिळायचं. "वरून," ते विचार करून म्हणाले, "पळीच दिसत असावी."

"कॉर्नर!" तातानो किंचाळला. "बारीला कॉर्नर मिळाला! दादा, जा की! ढवळायला कोणी नाहीये!"

"मी? माझी टोपी..."

"डोक्यावर ठेवूनच जा ना! लवकर!"

पास्काने पळी पुढे केली. लुसोरियोने पळीकडे पाहिलं, मग रेडिओकडे. जहाज सुटताना धक्क्यावरचा माणूस पाहतो, तसं. पळी हिसकावून तो धावला. खोपटातून टक टक आवाज सुरू झाला, आणि बारीचा कॉर्नर बाहेर गेला.

"पाहिलंत?" पास्का म्हणाली.

मग चाळीस मिनिटं ती ऐकत राहिली. दोन्ही हात गुडघ्यांवर, कान पुढे. बारीवाले आले की तिची बोटं आवळायची, गेले की सुटायची. मध्येच रोमची बातमी आली, तुरीनवाले मागे पडले होते. तिने नुसती मान हलवली. पलीकडे पळी थांबली रे थांबली की ही टाचेने भिंतीवर ठोका द्यायची.

शेवटची दोन मिनिटं उरली आणि रेडिओवाला बेभान ओरडला. काल्यारी दोन!

खोलीतली तिघं अशी बोंबलली की पलीकडच्या डोंगरावरच्या देवळातली घंटा आपोआप वाजली. ती ऐकलेली माणसं अजून आहेत, विचारा जाऊन. तातानो एका बुटावर नाचला. डॉन कोसिमोंनी तार सोडली नाही, पण उड्या मारल्या.

खोपटातली टक टक थांबली.

"काय झालं?" लुसोरियो तिकडून ओरडला. "ए पास्का! गोल झाला का? कुणाचा? आपला का त्यांचा?"

तातानोने तोंड उघडलं. पास्काने हात वर करून त्याला गप्प केलं.

"आवाजावरून ओळख!" ती भिंतीकडे तोंड करून ओरडली. मग स्टूल रेडिओच्या आणखी जवळ सरकवलं. "आणि ढवळत राहा. दोन मिनिटं आहेत अजून."



मग टक, टक, टक. आधीपेक्षा जोरात.