करदोड्यातलं कानकोरणं

पिन काही केल्या निघेना.

साखऱ्याच्या फाट्यावर शिवहारचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक बाकडं. भर दुपारी मुन्नाची जीप नेमकी त्याच्या दारात बंद पडली होती. जीपमधून उतरवलेला संतराम बाकड्यावर, लिंबाच्या सावलीत पडला होता. मेंढरांना पाला तोडताना बाभळीवरून खाली आला तो थेट दगडावर, छातीच्या भारानं. श्वास घेतला की आत खरखर वाजायचं. हिंगोलीचा दवाखाना अजून लांब. लग्नसराईचे दिवस, आजूबाजूच्या सगळ्या जीपा वऱ्हाडं घेऊन गेलेल्या. एसटी होती ती चार वाजता.

बिघाड शिवहारला पाच मिनिटांत कळला होता. डिझेलच्या पंपावरचं, वायर जोडायचं कपलर. नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या घरात पितळेची पिन, ती जळालेली, आणि वायर अगदी मुळापाशी तुटलेली. डायरेक्ट जोडावं तर जोडायला टोकच उरलं नव्हतं. घर फोडावं तर पंपाकडची पिन मोडायची भीती. अशा घरात एक बारीक जिभली असते. ती दाबली की पिन सुळकन बाहेर येते. दाबायला फक्त बारीक, चपटं आणि ताठ असं काहीतरी हवं. पकडी होत्या, पाने होते, सहा स्क्रू ड्रायव्हर होते. नुसता पसारा, आणि कामाची वस्तू एक नाही. सेफ्टी पिन वाकली. ब्लेडचा तुकडा मोडला. संतरामच्या बायकोनं, गोजरबाईनं, अंबाड्यातला आकडा काढून दिला. तोही वाकला. शिवहारला स्वतःचीच चीड आली. बारा वर्षं हा धंदा करतोय आणि एवढंसं हत्यार आपल्याकडे नसावं?

पाण्यासाठी तो माठाकडे वळला आणि थबकला. संतरामचा सदरा वर सरकला होता. कमरेला काळा करदोडा, करदोड्यात ओवलेली कडी, कडीत काटे काढायचा चिमटा आणि कानकोरणं. मेंढरामागं हिंडणाऱ्या माणसाच्या कमरेला हे असतंच. कानकोरण्याचा दांडा पोलादी होता, बारीक, चपटा. जसा हवा तस्सा. शिवहारचा जीव भांड्यात पडला.

"मावशी, ते कानकोरनं द्या लवकर. गाठ लई जुनी हाय, सुटायची न्हाई. तोडा करदोडा."

गोजरबाईनं नवऱ्याच्या कमरेवर हात ठेवला. "जित्या मानसाचा करदोडा तोडत न्हाईत, दादा. तो मेल्यावर तोडतेत. एखादा..."

"मानूस मरून राहिला आन् तुमाला दोऱ्याचं पडलंय?" शिवहारनं तिला पुढं बोलूच दिलं नाही. "काय बाई हाय!"

मुन्ना तिच्याच गावचा. त्यानंही "काकू, द्या की" म्हणून पाहिलं. तिनं मान हलवली. हात काढला नाही. ओठ हलले तिचे, पण शिवहार पाठ फिरवून केव्हाच निघाला होता. नवऱ्याच्या अंगावर हात ठेवून बसलेल्या बाईकडून हिसकून घ्यायची त्याची छाती झाली नाही. सायकलच्या चाकाची एक तार तोडून तो दगडावर घासायला बसला. टोक चपटं करायचं, मग बारीक करायचं. तार घासता घासता तो तोंडानं बडबडत होता. अडाणी लोक. यांच्यासाठी जीव काढायचा आणि यांना दोरा प्यारा. त्या घासण्याच्या आवाजात त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. अर्धा तास गेला असेल. तार अजून जाडच होती.

समोर सावली पडली. गोजरबाई उभी होती. तिनं तळहात पुढं केला. त्यावर कडी होती, चिमटा आणि कानकोरण्यासकट. कडीला काळ्या दोऱ्याचे दोन तुकडे लोंबत होते.

"घ्या," ती म्हणाली.

"हेच मघाशी दिलं असतं, तं आतापस्तोर हिंगोली आली असती," शिवहार म्हणाला.

काम मग पाच मिनिटांचंच होतं. दांडा आत सरकला, जिभली दबली, जळकी पिन बाहेर आली. शिवहारनं भेंडोळ्यातून वीतभर काळी वायर तोडली, तिला नवी पिन दाबून बसवली आणि घरात ढकलली. टच्च आवाज आला. त्यानं चावी फिरवली. जीप सुरू झाली. इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"मुन्ना, उचल त्यायला! चला मावशी, बसा."

मुन्ना जागचा हलला नाही. बाकड्याच्या पायाशी तो डोकं धरून बसला होता. संतरामच्या तोंडावरून त्याचाच पटका ओढलेला होता.

"तोडला म्हनून तं दिलं, दादा," गोजरबाई म्हणाली. "माघारी न्यायला बी गाडी लागंलच."

वायरीचं भेंडोळं अजून शिवहारच्या हातात होतं. गोजरबाई त्याच्याकडेच बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं त्याला.

"तवा मी तेच सांगून राहिले होते, एखादा काळा दोरा असंल तं द्या. आधी नवा बांधायचा, मंग जुना तोडला तरी चालतंय. तुमाला बी ठाव असंल की."

तिनं वायरीचं मोकळं टोक दोन बोटांत धरून पाहिलं.

"ही बी चालली असती."