मालनच्या गव्हाच्या वड्या

“शेठनाच घेऊन येते,” असं मृणालिनीबाईंनी शेजारच्या मालनला बजावलं होतं, आणि तसंच त्यांनी केलं. रविवारी सकाळी त्या खरोखरच चाळीचे मालक नंदकिशोरशेठ यांना घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या.

“शेठ, तुम्हीच वास घ्या. भाजलेलं खोबरं, लवंगा, कांदा. मागच्या रविवारीही हेच. हे मटण नाही तर काय?”

मालनने वाटणावरचा हात थांबवला नाही. तिचा नवरा जयवंत खाली मान घालून खाटेवर बसला होता. मालवणहून आलेल्या या जोडप्याला मुलुंडमधली ही खोली एकाच अटीवर मिळाली होती. मांसमच्छी शिजवायची नाही. अट मोडली की त्याच दिवशी वळकटी उचलायची, आणि मुंबईत त्यांना दुसरीकडे कुठे थारा नव्हता.

“जयवंतराव, खरं काय ते सांगा,” शेठ म्हणाले.

जयवंतने मान आणखीच खाली घातली. मालनला त्याचा असा संताप आला, की हातातला वरवंटा त्याच्याच पायावर टाकावासा वाटला.

“त्यांना काय विचारता? रांधते मी!” ती कडाडली. “खोबरं भाजलं म्हणजे बकरा कापला होय? तुम्ही आमटीत गूळ घालता, मी कधी नाकाला पदर लावला?”

“चोराच्या उलट्या बोंबा!” मृणालिनीबाईंचा आवाज चढला. “कर नाही त्याला डर कशाला? दाखव ना गं, काय करतेस ते.”

“दाखवते. तुमच्या घरातला तवा आणा, उलथनं आणा. माझ्या भांड्यांवर तुमचा विश्वास नाही ना!”

तवा आला. तोवर दारात अर्धी चाळ जमली होती. मालनने पाण्यात बुडवून ठेवलेला कणकेचा गोळा परातीत घेतला आणि ती तो रगडून रगडून धुवायला लागली. पाणी दुधासारखं पांढरं झालं. ते ओतून तिने दुसरं घेतलं. सगळा राग त्या गोळ्यावर निघत होता. पांढरं पाणी यायचं थांबलं तेव्हा हातात चिवट, रबरी लगदा उरला. त्याचे तुकडे तोडून तिने उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडले, फुगून वर आले तसे उपसले आणि तव्यावर तेलात लालसर परतले. मग वरून वाटण घातलं.

खोलीभर तोच वास सुटला.

“घ्या. खा,” तिने बशी पुढे केली. “गव्हाच्या वड्या आहेत या.”

शेठनी एक तुकडा भीतभीत तोंडात टाकला. चावला. दुसरा उचलला. “मृणालिनीबाई, अहो, हा तर गहू!”

बाईंनी कणभर चाखलं आणि त्यांचं तोंड उतरलं. पण मालन आता ऐकणार नव्हती.

“माफी मागा. सगळ्यांसमोर मला चोर म्हणालात, सगळ्यांसमोरच मागा.”

बाईंनी माफी मागितली आणि तवा घेऊन त्या घरात गेल्या. दारातली माणसं पांगली.

“आमचं चुकलं,” शेठ म्हणाले. “यापुढे या वासाची तक्रार घेऊन कोणी आलं, तर मी त्याला दारात उभं करणार नाही. मात्र दर रविवारी एक वाटी आमच्याकडे पाठवायची हं. झकास झालंय.”

ते गेल्यावर मालनने दार लावलं. जयवंतने आता कुठे मान वर केली.

“अगो, दर आयतवाराक शेठांची वाटी? आता काय करूचा?”

मालनचा राग अजून उतरला नव्हता.

“करूचा काय? त्येंचा येगळा रांदतलंय,” ती फणकारली. “आपल्या मटणाच्या टोपात रांदूचंय नाय. त्येंचो धरम आपण कित्याक बुडवूचो?”