अकराची परीक्षा

"खुर्ची सोडायची नाही, आवाज चढवायचा नाही, समोरच्याचा धीर सुटू द्यायचा नाही," साहेबांनी थोरलीला बजावलं. "आणि मेकॅनिक पाठवायचं हे लाल बटण तुमच्यासाठी नाही. दाबलंत की बाद. फक्त बोलायचं."

लिफ्टची देखभाल करणाऱ्या या कंपनीने इंटर्न निवडायची नवीच टूम काढली होती. मुलाखत नाही, लेखी पेपर नाही. नाटकात कामं करणारी मंडळी अकरा वाजता फोन करणार, लिफ्टमध्ये कुणी अडकल्याचं सोंग आणणार आणि उमेदवाराने त्यांना सांभाळायचं. थोरलीने आधी तीन कंपन्यांचे उंबरठे झिजवले होते. इथेही डाळ शिजली नाही तर मुकाट्याने काकांच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी या थोरल्या लेकीला निक्षून सांगितलं होतं.

साहेब गेले. तक्रारींचा फोन घेणाऱ्या रोजच्या ऑपरेटरबाई "जरा बस गं इथे" म्हणून तिला खुर्ची देऊन चहाला गेल्या.

अकराला सात मिनिटं कमी असताना फोन वाजला. बेसावध गाठायचा डाव दिसतोय, असं मनाशी म्हणत तिने तो उचलला.

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. बायको लिफ्टमध्ये एकटी अडकली होती, दोन मजल्यांच्या मधे. तिला दमा होता आणि तिचं औषध यांच्या खिशात राहिलं होतं. खिशातलं औषध थोरलीला फार आवडलं. लिहिणाऱ्याने डोकं लावलं होतं.

तिने पत्ता सुवाच्य अक्षरात फॉर्मवर उतरवला.

"आजोबा, घाबरू नका. मेकॅनिक निघालाय. दहा मिनिटांत पोचेल."

त्यांनी ते ओरडून बायकोला सांगितलं. बराच वेळ ते तिला काहीबाही सांगत राहिले. मेकॅनिक कुठवर आला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा थोरलीने पुन्हा तेच उत्तर दिलं.

"पोरी, मघाशीही तू दहाच म्हणालीस."

"वाटेतच आहे तो, आजोबा. मी फोन ठेवणार नाही."

लाल बटण हाताशीच होतं. नाटक आहे हे ठाऊक असूनही दोनदा तिचा हात तिकडे गेला. शेवटी तो मांडीखाली दाबून ती बसून राहिली.

"आता ती ओ देत नाहीये," आजोबा हळूच म्हणाले.

थोरलीचे डोळे भरून आले. काय कसलेला माणूस आहे, नुसत्या आवाजावर रडवतो, असं तिला वाटलं. हाक मारत राहा, एवढंच तिने त्यांना सांगितलं. त्यांनी मारल्या. मग फोन बंद झाला.

तिने फॉर्मवर वेळ लिहिली, अकरा वाजून नऊ मिनिटं, आणि खाली सही केली. बटणाला हातही लावला नव्हता.

दार ढकलून साहेब धापा टाकत आत आले.

"अहो, रडताय काय? माफ करा, उशीर झाला. आमची नाटकमंडळी वाटेत अडकली होती, आत्ता पोचली. पहिला फोन करायला सांगू ना?"