कडी लावल्यावर

"थांबा," शरयूताई म्हणाल्या. "अंबरीश, तू बायकोवर चिडलायस की तिची माफी मागतोयस?"

मराठी मंडळाच्या हॉलमध्ये हशा पिकला. अंबरीशही हसला. होताच तो तसा, मनापासून हसणारा. बँकेत म्हातारी माणसं शेजारची खिडकी रिकामी असली तरी त्याच्याच रांगेत उभी राहत. म्हणून तर शरयूताईंनी सगळ्यांचा विरोध मोडून काढून वैद्यबुवांचं काम त्याला दिलं होतं.

नाटक त्यांनीच एका शंभर वर्षं जुन्या कादंबरीवरून बेतलं होतं. त्यातले वैद्यबुवा दिवसभर गावाला फुकट औषध देतात, आणि संध्याकाळी दाराला आतून कडी लागली की घरातलं माणूस न् माणूस त्यांना चळाचळा कापतं. ही कादंबरी शरयूताईंनी कॉलेजात तीस वर्षं शिकवली होती. एका कातडीत दोन माणसं नांदतात हे जुन्या लेखकांनी कधीच ओळखलं होतं, असं त्या ठणकावून सांगत. अंबरीशचा पहिला वैद्यबुवा बघणाऱ्याने पाया पडावं असा उतरला होता. दुसरा काही केल्या उतरत नव्हता. गणपती आठ दिवसांवर आले होते. आज जमलं नाही तर काम समरजीतला, असं ताईंनी सकाळीच जाहीर केलं होतं, आणि समरजीत सगळं पाठ करून मागच्या बाकावर येऊन बसला होता.

"मॅम, मुझे डर ही नहीं लग रहा," वैद्यबुवांच्या बायकोचं काम करणारी गरिमा म्हणाली. "म्हणजे, काका इतके स्वीट आहेत ना."

शरयूताईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांना काही सुचलं की चष्मा वर जाई.

"अंबरीश, घरी रागावलास की कुठल्या भाषेत बोलतोस?"

"मी कुठे रागावतो, ताई."

"सगळेच असं म्हणतात. अरे, आपण हिंदी मुलखात वाढलेली मराठी माणसं. माझे अण्णा लाड मराठीत करायचे आणि झापायचे हिंदीत. कडी लागली की आपले वैद्यबुवा हिंदीत बोलणार. संवाद विसर. तोंडाला येईल ते बोल."

"वहीतलं काहीच नको?"

"एक अक्षर नको."

त्या तरातरा विंगेत गेल्या आणि सीमंतिनीच्या हातातून नाटकाची वही काढून घेतली. सीमंतिनी अंबरीशची बायको, आणि बारा वर्षं मंडळाची प्रॉम्प्टर. तिचं बोट वहीवर नेहमी नटाच्या एक ओळ पुढे असे. नट अडखळायच्या आत शब्द त्याच्या कानात पडलेला असे.

"तुला आता सुट्टी," शरयूताई म्हणाल्या. "हिंदीला प्रॉम्प्टर लागत नाही."

सीमंतिनी स्टुलावरून उठलीही नाही.

गरिमाने टेबलावर ताट ठेवलं. अंबरीशने नसलेल्या दाराची कडी लावली, सावकाश येऊन बसला आणि ताटाकडे पाहिलं.

"यह क्या है?"

आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता.

"भाजी," गरिमा म्हणाली.

"अच्छा. सब्ज़ी है. तेरे बाप के यहाँ इसी को सब्ज़ी कहते होंगे."

एका बोटाने तो ताट टेबलाच्या काठाकडे सरकवू लागला. अर्धं ताट काठाबाहेर आलं तेव्हा थांबला. गरिमाचा हात पुढे झाला.

"हाथ मत लगा. जब तक मैं न कहूँ, हाथ नहीं लगाएगी. खड़ी रह."

गरिमाने हात मागे घेतला. तिचे डोळे भरून आले, आणि ते नाटकातले नव्हते. बाकांवरची कुजबुज थांबली होती. शरयूताईंच्या अंगावर शहारा आला. तीस वर्षं पानांत वाचलेला माणूस समोर बसला होता, आणि तो त्यांनी स्वतः शोधून काढला होता. त्यांनी वळून समरजीतकडे पाहिलं. तो मुकाट्याने आपले कागद गुंडाळत होता. त्यांना फार बरं वाटलं.

तेवढ्यात अंबरीश गप्प झाला. त्याने गरिमाच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग बाकांवरच्या माणसांकडे. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

थांबू नकोस, असं शरयूताई म्हणणार होत्या. त्याआधी विंगेतून आवाज आला. शांत, स्वच्छ, शब्द न् शब्द सुटा, बारा वर्षं यायचा तसाच.

"रो मत. अभी तो मैंने कुछ कहा भी नहीं."

सवयीने शरयूताई वहीत ते वाक्य शोधू लागल्या. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग त्यांचा हात थांबला. आपण काय शोधून काढलं ते त्यांना आत्ता कळलं, आणि त्यांना वही हातात धरवेना.

सीमंतिनी रिकामे हात मांडीवर ठेवून बसली होती. ती नवऱ्याकडे बघत होती.

नटाने वाक्य उचललं नाही, तर प्रॉम्प्टर तेच पुन्हा देतो, जरा मोठ्याने. सीमंतिनीने दिलं. या वेळी ते मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.