मुहूर्त, मामा आणि मुकी गाडी

मुहूर्ताला अर्धा तास उरला होता, मागच्या सीटवर शालू नेसलेली भाची बसली होती आणि भिकाजीमामांची नवी गाडी काही केल्या सुरू होईना. दिवे लागत होते, रेडिओ गात होता. हॉर्न तर असा वाजला, की पलीकडच्या गावातल्या म्हशी दावं तोडून पळाल्या. इंजिन मात्र मुकं.

"बसनं आले असते तर एव्हाना बोहल्यावर असते," रेवती म्हणाली. नवरीला बसमधून न्यायला मामांनीच नाक मुरडलं होतं. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

"मामा, क्लच तळाला टेकल्याशिवाय ही सुरू होत नाही. पूर्ण दाबा."

"दाबलाय गं. आणखी दाबला तर पाय डांबराला लागेल."

रेवती उतरली, शालू सावरत वाकली आणि क्लचखाली अडकलेली चप्पल तिनं ओढून काढली. नवी गाडी म्हणजे लक्ष्मी, म्हणून मामा ती अनवाणी चालवत आणि चपला पायाशी काढून ठेवत.

गाडी गुरगुरली. मामांच्या जिवात जीव आला.

"दे इकडे."

"पोचेपर्यंत दोन्ही माझ्याकडेच."

सात मिनिटं राखून नवरी कार्यालयात उतरली, ती हातात चपला घेऊन. दारातल्या नवरदेवानं ते पाहिलं आणि आधी आपले बूट काढून काखेत मारले.