खरमाळेचा सेफ्टी बेल्ट

"बाई, सही करा की! माझ्या माणसांचे बेल्ट मजबूत आहेत," रंगकामाचा ठेकेदार खरमाळे दात काढत म्हणाला.

इंदुबाई आता या हॉटेलात कामगारांची सुरक्षा तपासायच्या; त्यांच्या सहीशिवाय ठेकेदाराचं पान हलत नसे. दोन वर्षांपूर्वी याच खरमाळेनं त्यांच्या नवऱ्याला बेल्टविना चौथ्या मजल्यावर लटकवलं होतं. तो पडला, तो अजून अंथरुणातच.

"मजबूत? मग आधी तुम्ही लटका. इथला नियमच आहे."

खरमाळे गच्चीवरून ऐटीत लटकला. तो चौथ्या मजल्याशी येताच बाईंनी वर दोर पक्का बांधला नि जेवायला गेल्या. तो असा बोंबलला, की तीन गावांतल्या कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं!

"बाई, बेल्ट करकरतोय! वर घ्या!"

बडीशेप चघळत बाईंनी गच्चीवरून डोकावलं. "नशीबवान आहात. आमच्या ह्यांच्या कमरेला करकरायलासुद्धा बेल्ट नव्हता. लटका, मी डुलकी काढून येते."